नवमीला तळलेलं बियाणं

आधी बाईंचं सांगते, मग माझं. आज मी चार ओळी सरळ लिहिते, फॉर्म भरताना शेजारच्याच्या तोंडाकडे बघत नाही, आणि कारखान्यात पुढे सरकवलेला कागद वाचल्याशिवाय त्यावर सही करत नाही. हे सगळं बाईंमुळे. त्यांचे उपकार आधी लिहून ठेवले नाहीत तर पुढचं वाचून कुणाला वाटेल, मी त्यांच्याशी फक्त वाईटच वागले. तसं नाही. त्यांच्याइतका जीव मी घराबाहेरच्या कुणाला लावला नाही, आणि खोटंही त्यांच्याशीच सगळ्यात जास्त बोलले.

अकोल्यात जठारपेठेत बाईंचं घर. मागच्या बाजूच्या एका खोलीत आम्ही नवरा-बायको भाड्यानं राहायचो. नवरा डाळ मिलमध्ये मशीनवर. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचे मालक वकील होते, तेही आता घरीच. त्यांना मी काका म्हणायचे. मुलगी अमरावतीला दिलेली. एवढंच घर.

मी तेल्हाऱ्याकडची. आमचं घर भाजीवाल्यांचं. सातवी झाली, आणि आठवी होती दुसऱ्या गावाला. त्याच वर्षी आईनं अंथरूण धरलं. मेथीच्या जुड्या बांधायला हात पाहिजे होते, ते माझे होते. शाळा सुटली ती सुटलीच. लग्न होऊन अकोल्याला आले तेव्हा दुकानाच्या पाट्यासुद्धा मी मनातल्या मनात, ओठ हलवत वाचायचे. बाईंनी ते बघितलं असणार. चैत्रात आम्ही राहायला आलो आणि आठच दिवसांत त्यांनी मला पेपर घेऊन समोर बसवलं.

"मले दिसत नाही आता. मोतीबिंदू पिकला. तू वाचून दाखव."

"बाई, मले वाचता येत नाही धड."

"मले कुठं धड दिसते? जमते मग आपलं."

चाळीस वर्षं वर्गात पुस्तकी बोलून कंटाळा आल्यासारख्या बाई घरात पक्कं वऱ्हाडी बोलायच्या. मी अडखळले की डोळे मिटून, मान न वळवता, शब्द दुरुस्त करायच्या. महिनाभरानं म्हणाल्या, "दहावीचा फॉर्म भरू आपण बाहेरून." मी हसले. त्या हसल्या नाहीत.

माझा स्वभाव भित्रा. कुणी चांगलं वागलं की मला आधी भीती वाटते, की हे कधी जाणार? बाईंचं चांगलं वागणं टिकावं म्हणून मी सांगितलेलं काम सांगितल्याहून जास्त करायचे. आवार झाडायला सांगितलं तर पायऱ्याही पुसायचे. सगळं बिघडलं ते ह्यातूनच.

आवारात, आंब्याची सावली संपते तिथं, बाईंचा चार हातांचा वाफा होता. मी आले तेव्हा तो रिकामा होता, उन्हानं भेगाळलेला. जिन्याखाली, वारा लागेल अशा जागी एक दोरीचं शिंकं टांगलेलं होतं आणि त्यात बारके कांदे होते. लालसर, सुपारीहून जरा मोठे, एका अंगानं चपटे. मी भाजीवाल्याची लेक, मला कांदा कळतो असं मला वाटायचं. मी ठरवून टाकलं की बाईंना शेतीचं जमत नाही, म्हणून असे बारके राहिले. हसूही आलं थोडं. बोलले मात्र नाही.

आषाढ लागला आणि बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, अमरावतीला, लेकीकडे राहून. महिनाभर तरी तिकडेच राहायचं होतं. काकांचं जेवण माझ्याकडे आलं. जाताना बाईंनी सगळं समजावलं, गॅसचं, दुधाचं, काकांच्या गोळ्यांचं. शिंक्याचं तेवढं राहिलं. घाईत राहिलं, की बाईंना वाटलं हे कुणालाही ठाऊक असणार, मला सांगता येत नाही.

त्यांच्या घरी चातुर्मास पाळायचे. देवशयनी एकादशीपासून चार महिने कांदा-लसूण बंद. त्याच्या आदल्या नवमीला, कांदेनवमीला, घरातला सगळा कांदा संपवायचा. आमच्याकडे हे नव्हतं. आमच्या घरात कांदा बारा महिने भाकरीसोबत हातानं फोडलेला. त्यामुळे मला त्या दिवसाचं फार अप्रूप. नवमीच्या सकाळी बाईंचा फोन आला.

"आज कांदेनवमी आहे वं. काकांले भजी करजो, थालीपीठ करजो. उद्यापास्नं त्यांचं तोंड एवढंसं होते. अन् पाह्य, घरात एक कांदा ठेवू नको."

"नाही ठेवत बाई."

"एकही."

"एकही नाही."

स्वयंपाकघरातली टोपली दुपारपर्यंत संपली. कांद्याचा झुणका झाला, थालीपिठं झाली. मग मी घरभर फिरले. एकही नाही म्हटलं होतं ना. जिन्याखाली शिंकं दिसलं. मनात आलं, हे राहिलं असतं तर बाई काय म्हणाल्या असत्या! सोलायला त्रास फार. दीड तास बसले, नखं दुखली, डोळ्यांतून पाणी. पण एक कांदा ठेवला नाही. भजी काय झाली म्हणता! गोड, कुरकुरीत. काका पाटावर बसल्या बसल्या बोटं चाटत होते. वाफ्यात काय लावतात, शिंक्यात काय टांगतात, ह्याकडे त्यांचं कधीच लक्ष नसायचं.

"कुठले कांदे हे? तुझ्या बापाच्या मळ्यातले काय?"

"नाही, घरचेच."

"बाईनं इतके दिवस लपवून ठेवले होते मंग. तिच्या स्वभावात आहे ते. मले फक्त दुधीभोपळा दाखवते."

आम्ही दोघं हसलो. नवरा ड्यूटीवरून आला, त्यानंही खाल्ली. शेजारी एक ताटली दिली. रिकामं शिंकं धुऊन मी वाळत घातलं.

एकादशी झाली. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. डोळ्याची पट्टी निघाली होती, आवाज खुशीत होता. काकांची चौकशी केली, माझ्या धड्याची केली, मग म्हणाल्या:

"जिन्याखालचे कांदे अधूनमधून हलवत जाजो. पावसाळी हवेनं सडतात. ते बियाचे आहेत, त्यांले नवमी लागत नाही. माझ्या आईचे आहेत ते."

मला आधी कळलंच नाही. आमच्याकडे कांद्याचं बी म्हणजे काळं, मोहरीच्या दाण्याएवढं. ते टाकायचं, रोप करायचं, रोप उपटून पुन्हा लावायचं. कांद्याचं बी कांदाच असतो हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. बाई पुढे सांगत होत्या. आई परतवाड्याकडची. तिच्या परसात हे कांदे असायचे. एक पुरला की त्याचे सात-आठ होतात, एकाच जागी, पाठीला पाठ लावून. त्यातले काही खायचे, काही पुढच्या वर्षाला ठेवायचे. आई गेली, घर गेलं, भावांनी जागा विकली. शेवटच्या वेळी बाईंनी तिथून एवढे मूठभर आणले होते. तेव्हापासून एक वर्ष चुकवलं नव्हतं.

"हलवशील ना वं?"

मी म्हटलं, "हाव बाई."

त्या दिवशी खरं बोलले असते तर काय झालं असतं, ह्याचा विचार मी अजून करते. बहुतेक बाई म्हणाल्या असत्या, जाऊ दे, मीच सांगायला पाहिजे होतं. पण तेव्हा माझ्या डोळ्यासमोर भरायचा राहिलेला फॉर्म होता, आणि ती खोली, आणि दुपारचा पेपर. वाटलं, हे कळलं की सगळं जाईल. "हाव" एवढंच तोंडून निघालं, आणि त्याच्या पुढची सगळी खोटी वाक्यं त्यातूनच निघाली.

फोन ठेवल्यावर मी कचऱ्याचा डबा उलटा केला. सालं होती, शेंड्या होत्या. शेंड्यांना मुळं फुटतील म्हणून पाच-सहा वाफ्यात पुरल्या. पावसानं सडल्या. बाजारात विचारलं, सात-आठ एका जागी येतात ते कांदे आहेत का? एक भाजीवाला म्हणाला, "ताई, कांदा हाये हा, केळाची फणी नाही." माहेरी जायचं निमित्त काढून तेल्हाऱ्याला गेले. बाबांना विचारलं. ते पात निवडत होते, हात न थांबवता म्हणाले, "कांद्याले कांदा होते का कुठं? अकोल्याले जाऊन हे शिकली काय तू?"

शेवटी परतवाड्याला गेले. नवऱ्याला सांगितलं, देवाला जाते. एसटी, मग बाजारापर्यंत पायी. पावसाची झड होती, गाळ. बाईंच्या आईचं गाव कोणतं तेही मला माहीत नव्हतं, विचारणार कशी? बाजारात म्हाताऱ्या भाजीवाल्या बाया गाठून विचारत गेले. एकीनं ओळखलं. तिच्यापुढे काकड्या आणि अंबाडी होती. डोक्यावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली.

"होते ना वं, होते. पुंजक्याचे कांदे. माझ्या सासूच्या घरी लावत होते."

"आता कोणाकडे मिळतील मावशी?"

"आता कोन लावते? एवढुसे एवढुसे सोलत कोन बसते? मोठा कांदा मिळते बाजारात, काप अन् टाक." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "रडून कायले राहिली? कांदेच होते, मानूस नोहे."

मी तिच्याकडून अंबाडीची एक जुडी घेतली आणि परतीच्या गाडीत बसले.

बाई यायच्या चार दिवस आधी मी जठारपेठेतल्या हातगाडीवरून चिंगळी घेतली. चिंगळी म्हणजे साध्या कांद्यातला बारका, हॉटेलवाले नेतात तो. त्यातले लालसर तेवढे निवडले. शिंक्यात भरले. जिन्याखाली टांगले.

बाई काळा चष्मा लावून आल्या. काकांना म्हणाल्या, "तुम्ही इतके म्हातारे झाले होते हे मले कोणी सांगितलंच नाही." सगळं घर त्यांनी नव्यानं बघितलं. भिंतीवरचे डाग, माझं अक्षर, माझ्या गालावरचा व्रण. दसऱ्यानंतर वाफा खणला. काळी माती चिवट, म्हणून त्यात रेती मिसळली, जुनं शेणखत घातलं, बोटभर खोल सऱ्या काढल्या. मी खणत होते. बाईंनी शिंकं खाली घेतलं, एक कांदा उचलला, चष्मा वर केला.

"गोल दिसून राहिले वं ह्या वर्षी."

माझ्या हातातलं खुरपं थांबलं.

"चपटे असायचे. पाठीला पाठ लावून वाढतात ना, एक अंग चपटं राहते." त्यांनी तो बोटांत फिरवला. "का नव्या डोळ्यानंच असं दिसते? काकाही मले लांबट दिसतात हल्ली."

"वाळले की गोल होतात बाई," मी म्हटलं.

मी, सातवी शिकलेली, चाळीस वर्षं शिकवलेल्या बाईला तिच्याच आईच्या कांद्याबद्दल शिकवत होते. आणि त्यांनी मान्य केलं. "असंन," म्हणाल्या. "आजवर मले दिसलं तरी कुठं नीट?" मग त्यांनी मला लावायचं कसं ते दाखवलं. अर्धा मातीत, मान वर मोकळी, दोन कांद्यांत वीतभर जागा. खोल पुरला तर सडतो, उघडा ठेवला तर पक्षी उपटतात. पहिलं पाणी हलकं. पात आडवी पडायला लागली की पाणी तोडायचं, लोभ करायचा नाही. प्रत्येक गोष्ट इतक्या मायेनं सांगत होत्या, आणि मी एकेक चिंगळी सरीत ठेवत होते.

पौषात वाफा बिघडला. साधा कांदा पुन्हा पुरला की तो बियाला जातो, हे मला ठाऊक होतं. आमच्या मळ्यात बियासाठी तसेच लावतात. ठाऊक असून मी रोज सकाळी जाऊन पाहायचे, जसं काही माझ्या पाहण्यानं त्यांचे आठ-आठ होणार होते. पातीतून जाड पोकळ दांडे निघाले. टोकाला पांढरे गोंडे फुलले. मधमाशा यायला लागल्या. दिसायला वाफा सुंदर दिसत होता.

बाई स्टूल घेऊन तिथं बसल्या. किती तरी वेळ बसल्या.

"माझ्या आईच्या कांद्याले कधी फूल आलं नाही," म्हणाल्या.

काका ओट्यावरून ओरडले, "म्हातारपणी बहर आला म्हणा! आपल्याले तं नाही आला."

बाई एरवी त्यांना सोडायच्या नाहीत. त्या दिवशी वळल्याही नाहीत. त्यांनी एक दांडा धरून उपटला. खाली एक पोचट, दुभंगलेला गड्डा. दुसरा उपटला. तोही तसाच. तिसऱ्याला हात लावला आणि सोडून दिला.

"तू हलवत होती ना पावसाळ्यात?"

"हाव बाई."

"मग तुझा दोष नाही." त्यांनी माझ्या हातावरची माती झटकली, जशी लहान पोराच्या हातावरची झटकतात. "माझाच हात गेला वं पोरी. म्हातारा झाला हात. मातीले कळते ते."

मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. नवमीला अज्ञान होतं, फोनवर भीती होती, ह्या वेळी दोन्ही नव्हतं. समोर एक बाई स्वतःच्या हाताला दोष देत होती, आणि तो हात बरोबर होता हे जगात फक्त मला माहीत होतं. दोन महिन्यांवर माझी परीक्षा होती. मी म्हटलं, "चहा ठेवू का बाई?"

परीक्षेच्या सकाळी बाईंनी माझ्या हातावर दही ठेवलं. निकालाच्या दिवशी काकांनी पेढे आणले आणि बाईंनी माझा निकालाचा कागद स्वतःच्या नव्या डोळ्यांनी दोनदा वाचला. गणितात काठावर, मराठीत बरे. त्या इतक्या आनंदात होत्या की मला वाटलं, आता सांगावं. तोंड उघडलंही. म्हटलं, "बाई, ते कांदे..." त्या म्हणाल्या, "जाऊ दे ते. हे काय कमी उगवलं?" आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी पेढे घेऊन शेजारी द्यायला गेले. कधी कधी मला वाटतं, त्यांना माहीत होतं. पोरांच्या चेहऱ्यावरून चोरी ओळखण्यात त्यांचा जन्म गेला. पण हे मी मला बरं वाटावं म्हणून म्हणते. माहीत असतं तर त्यांनी पुढच्या दसऱ्याला लावणीच सोडून वाफ्यात फरशा बसवल्या नसत्या.

मिलमधलं काम कमी झालं तसे आम्ही इकडे दक्षिणेत, तिरुपूरला आलो. इथं कपड्याच्या कारखान्यात मी माल तपासते. दहावीच्या कागदावरच ही जागा मिळाली. भाषा कळत नाही, रस्ते कळत नाहीत. पहिल्याच आठवड्यात बाजारात गेले आणि पाय थांबले. दुकानादुकानात ढीग. बारके, लालसर, एका अंगानं चपटे. इथं रोजच्या सांबारात हेच घालतात, बाया गप्पा मारत सूपभर सोलतात. मी भाजीवालीपुढे उभी राहून रडले. तिला वाटलं भाव जास्त वाटला.

हे बाईंच्या आईचे नव्हेत. रंग जरा वेगळा, वासही वेगळा. पण घरमालकाच्या परवानगीनं गच्चीवर रंगाच्या दोन बादल्यांत लावले. अर्धे मातीत, मान मोकळी. लोभ केला नाही, पात पडल्यावर पाणी तोडलं. पहिला पुंजका उपटला तेव्हा मोजले, सात निघाले. पाठीला पाठ लावून. माझ्या हातात उगवले म्हणून आनंद व्हायला पाहिजे होता. मला एवढंच दिसलं की बाईंच्या समोर हे उगवायला पाहिजे होतं.

रविवारी फोन करते. काका आता फार बोलत नाहीत. बाई विचारतात, पेपर वाचते का, बारावीचं काय केलं. मागच्या रविवारी मी म्हटलं, "बाई, इथं मी कांदे लावले. पुंजक्याचे." त्या म्हणाल्या, "आले का?"

"आले."

"तुझा हात चांगला आहे. माझा नाही राहिला."

पुन्हा तेच झालं. इकडचं-तिकडचं बोलले, फोन ठेवून दिला. फोनवर हे मला जमणार नाही, हे आता कळलं. म्हणून कागदावर लिहिते आहे. लिहायला त्यांनीच शिकवलं. हा कागद पोस्टानं पाठवणार नाही. नजरेआड राहून सुटका करून घ्यायची नाही मला.

दिवाळीला मला सुट्टी मिळते की नाही, अजून ठरलेलं नाही. ह्या दिवाळीला नाही तर पुढच्या. बाईंचं वय बघता मला घाई केली पाहिजे, हे कळतं, आणि त्यानंच झोप लागत नाही. पण मी अकोल्याला येईन, बाई. इथले कांदे घेऊन येईन, आणि ते तुमच्या आईचे नाहीत हे पिशवी उघडायच्या आधी सांगेन. नवमीला काय तळलं, शिंक्यात काय भरलं, तुम्ही स्टुलावर बसला होता तेव्हा मी चहाचं का विचारलं, सगळं समोर बसून वाचून दाखवेन, अडखळले तरी थांबणार नाही. वाफ्यातल्या फरशा माझ्या हातानं काढेन. लावणी तुम्ही करायची, मी फक्त माती खणेन. तुमचा हात कधीच गेला नव्हता, हे तुम्हाला मातीतून उपटून दाखवल्याशिवाय मी तुमचं देणं फिटलं असं म्हणणार नाही.